हिरेकट्टीच्या बायकांची मतं

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

हिरेकट्टी, ता. अक्कलकोट
६ फेब्रुवारी १९७७

तीर्थस्वरूप अण्णांना दाक्षायणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमनने ते आमच्या मामंजींच्या हातात दिलं. त्यांनी पाकीट दोनदा उलटंपालटं करून बघितलं, कारण तुमच्या अक्षरातलं पाकीट या घरी सहा वर्षांत आलं नव्हतं. मग मला हाक मारून म्हणाले, "घे. अण्णाला तुजी आटवण झाली. निवडणूक लागली की." तुम्ही चनमल्लप्पा गौडांना ओळखता. ते हसतात तेव्हा कळत नाही आणि रागावतात तेव्हाही कळत नाही.

इकडे सगळे खुशाल आहेत. जोंधळा काढणीला आलाय. हे दिवसभर रानात असतात. सासूबाईंचे गुडघे थंडीत धरले होते, आता बरे आहेत. वहिनींना नमस्कार सांगा. मुलं आता केवढी झाली असतील ते मला ठाऊक नाही, म्हणून नुसतेच आशीर्वाद.

तुम्ही लिहिता, संक्रांतीपासून अव्वाचं डावं अंग गेलंय, ती खाटेवर आहे आणि सारखं माझं नाव घेते. हे वाचून मी चुलीपुढे बसून रडले. संक्रांत होऊन किती दिवस झाले, अण्णा! आणि मला आत्ता कळवता? त्याच्या खालच्याच ओळीत लिहिता, "हिरेकट्टीच्या बायकांची मतं या वेळी नीट पडली पाहिजेत. तेवढं मनावर घे. मतदान झालं की तुला न्यायला मुराळी आणि जीप दोन्ही पाठवतो, अव्वाला भेटून जा."

अव्वा आणि मतं एकाच परिच्छेदात बसवायला तुम्हालाच जमतं.

तुम्ही म्हणाल, एवढं आईचं वाटतं तर एस.टी. धरून यायचं. मी मामंजींना विचारलं. ते म्हणाले, "म्हायेरचा मुराळी आल्याबिगार सून उंबरा वलांडत न्हाय. तुज्या अण्णानं माज्याच अंगणात हुबं राहून मला बोललंय. त्यानं माणूस धाडावं, मी आडवणार न्हाय." मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी आप्पा असते तर तेही हेच म्हणाले असते. तेव्हा अण्णा, विनंती एवढीच आहे की मुराळी आत्ता पाठवा. जीप नको. शेजारच्या गिरिजाबाईंच्या म्हाताऱ्याला पाठवलंत तरी चालेल. मी अव्वाजवळ दोन रात्री राहीन आणि परत येऊन तुमची मतं बघीन.

आपल्या घरात वर्षं निवडणुकांवरून मोजतात, म्हणून मीही तशीच मोजते. बावन्न साली मी अव्वाच्या कडेवर होते. तेव्हा प्रत्येक चिन्हाची वेगळी पेटी असायची, ते मला आठवत नाही पण अव्वा सांगायची. बैलजोडीच्या पेटीपुढे तिने हात जोडले, पेटीला विभूती लावली आणि वर फूल ठेवलं, तेव्हा साहेब ओरडला की बाई, हे देऊळ नाही. अव्वाला काय कळणार? तिच्या दृष्टीने पेटीवर साक्षात नंदी, बसवण्णा होता. तेव्हा बैल निवडणुकीत पडला. बासष्टला पेट्या गेल्या, कागद आला, शिक्का आला. बैल मात्र तेच राहिले आणि निवडून यायला लागले. सदुसष्टला तुम्ही कार्यकर्ते झालात, कोऱ्या धोतरात खेडी फिरायला लागलात, आणि फिरत फिरत हिरेकट्टीला आलात.

त्या वेळी तुम्ही मठात बायका जमवल्यात. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावून त्यांच्याकडून वदवून घेतलंत की बसवण्णाशिवाय दुसऱ्या कुणावर शिक्का मारणार नाही. घरी येऊन आप्पांना ते किती कौतुकाने सांगत होतात! मी तेव्हा परकरातली, दाराआड उभी राहून ऐकत होते. बाया कानडी बोलणाऱ्या, त्यांना पक्ष कळत नाही, पण बसवण्णा कळतो, असं म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारली होतीत. पुरुषांची मतं फुटतात, लिंगावर हात ठेवलेल्या बाईचं मत फुटत नाही, असंही म्हणालात. ते मात्र खरं निघालं.

मग गौडांच्या मुलाचं स्थळ आलं. आलं म्हणजे तुम्ही आणलंत. आप्पा तोवर गेले होते. अव्वा म्हणत होती, पोरगी सोलापुरात वाढलेली, शाळा शिकलेली, एवढ्या आत खेड्यात कशाला? तुम्ही म्हणालात, घर मोठं आहे, माणसं मानाची आहेत. ते खोटं नव्हतं. ह्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लग्नाच्या पंगतीत तुमचे पुढारी मामंजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "आता हे गाव आपलं झालं," आणि तुम्ही हसलात. मी मुंडावळ्यांतून बघत होते.

एकाहत्तरला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत. पक्ष फुटला, बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं. तुम्ही एका दुपारी आलात, चावडीवर पुरुषांना नवं चिन्ह समजावलंत, चहा घेतलात आणि पुढच्या गावाला गेलात. शपथ घातली होती बायकांना. ती सोडवायची तर त्यांना पुन्हा मठात बसवून, मठाच्या अय्यांच्या समोरच सोडवायला पाहिजे होती. तुमच्या ते डोक्यातच आलं नाही. पुरुषांनी घरी जाऊन सांगितलं की गाईवर मारा. बायकांनी ऐकून घेतलं.

मतदानाच्या दिवशी बायका ओळीने गेल्या, कागद उघडला, वर बघितलं, खाली बघितलं. बसवण्णा नाही. मग कागद होता तसा कोरा घडी करून पेटीत टाकला आणि बाहेर आल्या. संध्याकाळी गावातल्या बायकांची म्होरकी चंद्रव्वा त्या सगळ्यांना घेऊन आपल्या पुढाऱ्याच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्याकडे, आली. तोंड कसं उजळलेलं होतं म्हणून सांगू! म्हणाली, "अक्का, तुज्या अण्णाची शपत आमी राखली बग. बसवण्णा न्हवता की कागदावर. म्हनून कुनालाच मारला न्हाय."

मी हसावं की रडावं? तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही मात्र मोटार घेऊन आलात. आमच्या अंगणात, मामंजींच्या आणि गड्यांच्या देखत म्हणालात, "घरात बहीण देऊन उपयोग काय झाला? चार बायकांना समजावता येत नाही?" आणि मामंजींना म्हणालात, "गौडा, तुमचं गाव तुमच्या हातात नाही, मग सोयरीक कशाला केली?" हे तुम्ही बोललात, अण्णा. शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे.

त्या वर्षी पंचमीला मुराळी आला नाही. गावात सगळ्यांच्या घरी माहेरवाशिणी, झाडांना झोके, आणि मी माझ्या सासूच्या पायांना तेल चोळत होते. अव्वा एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवायची, तुम्हाला न सांगता. तेवढंच काय ते माझं माहेर.

बहात्तरबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण तुम्ही पत्रात लिहिलंत, "झालं गेलं विसरून जा," म्हणून लिहिते, म्हणजे काय विसरायचं ते तरी तुम्हाला कळेल. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्यात कुणी सांगावं लागत नाही. अपमान गिळून मामंजींनी तुमच्याकडे माणूस धाडला होता. तुमचा निरोप आला की आता विधानसभेची गडबड आहे, घर कार्यकर्त्यांनी भरलंय, तिकडेच उरकून घ्या. उरकून घ्या! आमच्या गावात सुईण होती, ती चंद्रव्वाच. तिने जीव तोडून केलं. शेवटी मला गाडीत घालून अक्कलकोटला न्यायला निघाले. मूल वाटेत झालं. मुलगा होता. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तो गेला होता. सोलापुरात कसब्यातल्या आपल्या घरापासून मोठा दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. त्यानंतर माझी कूस उजवली नाही.

मी हे कुणाला बोलत नाही. इथे कुणी मला टोचतही नाही. पण आज लिहिलं.

आता तुमच्या कामाचं. या वेळी बायका रागात आहेत. गेल्या वर्षी नसबंदीच्या कॅम्पची गाडी आली की पुरुष जोंधळ्यात लपायचे. चंद्रव्वाचा मुलगा सापडला. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून ती गाय-वासराचं चित्र भिंतीवर दिसलं तरी थुंकते. अशा बाईकडे मी तुमच्यासाठी मत मागायला जायचं. आणि मी जाणार आहे. तुमच्यासाठी नाही. अव्वाला बघायला मिळावं म्हणून.

पण मुराळी आधी पाठवता आला तर बघा, अण्णा. हात जोडते.

तुमची धाकटी बहीण,
दाक्षायणी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

हिरेकट्टी
मतदानानंतरचा दिवस, मार्च १९७७

तीर्थस्वरूप अण्णांना दाक्षायणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

घाईत लिहिते. अक्कलकोटला जाणाऱ्या माणसाच्या हाती देते, म्हणजे आज पेटीत पडेल.

मधे तुमचा काहीच निरोप आला नाही. प्रचारात असाल असं समजले. तुमचं काम झालंय. मठात कुणाला नेलं नाही आणि लिंगावर हात ठेवायला लावलं नाही. ते माझ्याने झालं नसतं. घरोघर गेले. काय सांगू? पक्षाचं नाव घेतलंच नाही. माझी अव्वा अंथरुणाला खिळलीय आणि तुम्ही गाईवर शिक्का मारलात तर अण्णा मला तिच्याकडे नेईल, असं सरळ सांगितलं. काही बायकांनी तोंड फिरवलं. बऱ्याच जणी रडल्या.

चंद्रव्वाच्या दारात मात्र माझा पाय उचलेना. तिनेच आत बोलावलं. सगळं ऐकून घेतलं. जात्याच्या पाळीवर हात ठेवून खाली बसली. मग म्हणाली, "माज्या पोराचं वाट्टोळं केलं त्यास्नी मत देऊ म्हनतीस?" मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, "त्यास्नी न्हाय देत. तुज्या अव्वाला देते. तिची शेंगाचटणी खाल्ल्याय मी." आणि काल सकाळी सगळ्यांच्या आधी तीच जाऊन उभी राहिली. तिच्या मागे बाकीच्या.

मीही मत दिलं. कागदावर गाय उभी आणि वासरू तिला लुचतंय, ते चित्र मी एवढ्या जवळून पहिल्यांदा बघितलं. मला अव्वा दिसली. मन लावून शिक्का मारला. असं मत मी कधी दिलं नव्हतं.

तेव्हा आता शब्द पाळा. मी ट्रंक भरून ठेवलीय. अव्वाला सांगा, दाक्षी येतेय. तिला ऐकू येत असेल तर उजव्या कानात सांगा, डावा आधीपासून मंद होता.

वाट बघते.

तुमचीच,
दाक्षायणी

हिरेकट्टी
२ एप्रिल १९७७

श्री. बसवराज सोमलिंग यांस,

आम्ही तुमच्या घरातून निघालो तेव्हा तुम्ही जिन्यापर्यंत आलात आणि म्हणालात, "राग शांत झाला की पत्र टाक." राग शांत झालेला नाही, पण पत्र टाकते.

मुराळीची मी वाट बघितली. रेडिओवर निकाल आले. दिल्लीत तुमचं राज्य गेलं आणि सोलापूरची जागा मात्र आली, असं गावात सगळे बोलत होते. जीप आली नाही. मला वाटलं, मिरवणुकीत अडकला असाल. दुसऱ्या दिवशीही आली नाही तेव्हा मी मामंजींपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मी जाते, मग तुम्ही मला घरात परत घेतलं नाही तरी चालेल. ते उठले. आत गेले, पटका बांधून बाहेर आले आणि म्हणाले, "चल. तुजा मुराळी मीच." ज्या माणसाला तुम्ही त्याच्याच अंगणात उणंदुणं बोललात, तो माझी ट्रंक उचलून एस.टी.त बसला.

कसब्यात शिरलो तर गल्ली गुलालाने लाल होती. गिरिजाबाई ओट्यावर होत्या. मला बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "आत्ता येतीस व्हय गं दाक्षी? मातीला कुटं हुतीस?"

मला कळलं कुठे? मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाचं बोलतायत.

आत आले तर खाटेवर अव्वा नव्हती. खाटेवर कर्णा ठेवला होता आणि उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे. तुम्ही कार्यकर्त्यांत बसला होतात. कपाळावर गुलाल होता. मला बघून तुम्ही उठलात, बाजूला घेतलंत आणि हळू आवाजात म्हणालात की मतदानाच्या आदल्या दिवशी अव्वा गेली, मतदानाच्या सकाळी माती दिली. मी विचारलं, कळवलं का नाही? तर म्हणालात, "कळवलं असतं तर तुम्हाला सुतक लागलं असतं. गौडांच्या घरचं कुणी मतदानाला बाहेर पडलं नसतं."

सुतक? आपल्यात, अण्णा? लिंग धारण करणाऱ्याला सुतक नसतं, हे आप्पांनी आपल्याला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलं. आप्पा गेले त्याच दिवशी अव्वाने आपल्याला अंघोळ करायला लावून पूजेला बसवलं होतं. तुम्ही शेजारी बसला होतात. खोटं बोलायचं तर दुसऱ्या जातीच्या माणसाशी बोलायचं, स्वतःच्या बहिणीशी तरी असलं खोटं बोलू नये.

खरं मला ठाऊक आहे. निरोप आला असता तर मी निघाले असते. मामंजी निघाले असते, हे निघाले असते, चंद्रव्वा निघाली असती आणि तिच्यामागे गावातल्या निम्म्या बायका निघाल्या असत्या. तुमचं मतदान ओस पडलं असतं. म्हणून तुम्ही मला कळवलं नाहीत. अव्वाला मातीत बसवताना लेकीने विभूती लावायची असते. कुणी लावली? वहिनी म्हणाल्या, घाईत राहून गेलं.

मी त्या सकाळी ओळीत उभी होते. ज्या वेळी तुम्ही अव्वाला खड्ड्यात बसवत होतात, त्याच वेळी मी तिच्यासाठी म्हणून कागदावर शिक्का मारत होते. हे तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. मूल गेलं तेव्हा मी मनाला समजावलं की अण्णाला कुठे ठाऊक होतं असं होईल. या वेळी तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

आणि तुमच्या त्या कार्यकर्त्यांचं बोलणं! मी भिंतीला टेकून बसले होते तर ते चहा पीत हिशेब सांगत होते की एवढ्या फरकाने आलो, अख्खा अक्कलकोट तालुका विरोधात गेला असता तरी जागा पडत नव्हती. तुम्ही मान डोलावलीत. मग एकाहत्तरचं निघालं. तेव्हाही म्हणे असंच, याहून जास्त फरकाने. मामंजी हे ऐकत होते. मला वाटलं, आता ते बोलतील. ते उठले, पटका काढला, त्या खाटेपुढे डोकं टेकलं आणि मला म्हणाले, "चल, पोरी."

म्हणजे सहा वर्षं मला ज्या मतांसाठी वाळीत टाकलंत, ती तुम्हाला कधी लागलीच नव्हती. तेव्हाही नाही आणि आताही नाही. कोरे कागद पडले तरी तुम्ही जिंकलात आणि शिक्के पडले तरी जिंकलात. माझ्या पोराचा आणि माझ्या आईचा तुमच्या निकालात कुठे फरक पडला? नुसता गौडांपुढे, पुढाऱ्यांपुढे तुमचा रुबाब राहावा एवढंच ते होतं. तुमचा तिरस्कार वाटतो, असं मोठ्या भावाला लिहू नये, पण वाटतो.

परत आल्यावर चंद्रव्वाला सांगावं लागलं. मी तिच्या पायाशी बसले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग विचारलं, "दिल्यालं मत माघारी देत्यात का गं, अक्का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग र्‍हाऊ दे," आणि चुलीकडे वळली. तिचा मुलगा दारात बसून सगळं ऐकत होता.

पुढेही निवडणुका येतील. तुम्ही उभे राहाल असं तिथे कुणीतरी म्हणालं. उभे राहा. हिरेकट्टीला या, या गावाचा रस्ता काही मी अडवू शकत नाही. पण आमच्या घरी पाहुणे म्हणून येऊ नका. बाकीचे येतात तसे या, उंबऱ्याबाहेर उभे राहा, हात जोडून मत मागा. मी पाण्याचा तांब्या आणून देईन, तेवढं कुणालाही देते. मत कुणाला देणार हे विचारू नका. ते मी सांगणार नाही.

अव्वाचं एखादं जुनं लुगडं ठेवून घेतलं असेल तर गिरिजाबाईंकडे द्या. त्या पाठवतील. उत्तर पाठवू नका.

तुमच्या मतदारसंघातली एक बाई,
दाक्षायणी